सदाफुली, नरक्या आणि रक्ताचा कर्करोग

सदाफुली ठाऊक नाही असे घर आपल्या भागात सापडायचे नाही. बेला-जैनदकडे जा, भैंशाकडे जा, नाहीतर पैनगंगा ओलांडून यवतमाळ-चंद्रपुरात जा. अंगणात, विहिरीच्या काठाला, दफनभूमीच्या कुंपणाशी ही गुलाबी-पांढरी फुले बारा महिने दिसतात. पाणी घातले नाही तरी हे झाड तगते आणि शेळी त्याला तोंड लावीत नाही. ही शेवटची गोष्ट शेतकऱ्याने ध्यानात घेण्याजोगी आहे. शेळी जे सोडून देते, त्यात सहसा काहीतरी असते.

सदाफुलीत जे आहे त्यातून रक्ताच्या कर्करोगावरचे एक मोठे औषध तयार होते. ही बातमी आता नवी नाही. शाळेच्या पुस्तकांतून, रेडिओवरून ती गावोगाव पोचली आहे. तिच्या पाठोपाठ एक प्रश्न मात्र हमखास येतो आणि तो आम्हालाही पुष्कळदा विचारला जातो. औषध जर अंगणातल्या झाडात आहे, तर पोराला हैदराबादला कशाला न्यायचे? पाने वाटून रस का देऊ नये? प्रश्न वेडेपणाचा नाही. त्याला सरळ उत्तर द्यायचे तर प्रयोगशाळेत झाडाचा अर्क कसा तपासतात, हे आधी समजून घ्यावे लागेल.

रक्ताचा कर्करोग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपले रक्त हाडांच्या आतल्या गरात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होते. ही रक्ताची रोपवाटिकाच समजा. तेथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका यांची रोपे वाढतात आणि तयार झाली की रक्तात उतरतात. रक्ताच्या कर्करोगात एका जातीच्या कोवळ्या पांढऱ्या पेशी वयात न येता नुसत्या दुप्पट-चौपट होत सुटतात. हराळीने रोपवाटिका भरून जावी तसे होते आणि कामाच्या रोपांना जागा उरत नाही. तांबड्या पेशी कमी पडल्याने मूल पांढरेफटक दिसते, बिंबिका कमी पडल्याने हिरड्यांतून रक्त येते, कातडीवर निळे-लाल डाग उठतात, आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्यामुळे ताप हटत नाही.

आता सदाफुलीकडे येऊ. झाड मूळचे मादागास्करचे, तेथून ते साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरले. अनेक देशांत त्याची पाने मधुमेहावर देत. १९५२ मध्ये कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमैका बेटावरून एक लिफाफा आला. त्यात सदाफुलीची २५ पाने होती. तिकडे लोक त्यांचा काढा मधुमेहावर घेत होते. डॉक्टरांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. ते वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करीत होते. पानांचा काढा उंदरांना पाजून पाहिला, पण रक्तातल्या साखरेवर परिणाम दिसला नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मेले. कारण शोधता असे दिसले की त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या होत्या आणि अस्थिमज्जा कोरडी पडू लागली होती.

दुसऱ्या कोणी म्हटले असते, अर्क विषारी आहे, फेकून द्या. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी उलटा विचार केला. जे द्रव्य चांगल्या पांढऱ्या पेशी कमी करते, ते बेफाम वाढलेल्या पांढऱ्या पेशीही कमी करील. १९५८ पर्यंत त्यांनी ते द्रव्य वेगळे काढले. त्याला आज व्हिनब्लास्टिन म्हणतात. त्याच सुमारास अमेरिकेतील एलाय लिली कंपनीतही हेच झाड तपासले जात होते, तेही मधुमेहाच्याच ओढीने. तेथे मात्र अर्क रक्ताच्या कर्करोगाच्या उंदरांवरही टोचून पाहण्याची रीत होती. ते उंदीर अधिक दिवस जगले. त्या कामातून पुढे दुसरे द्रव्य निघाले, व्हिन्क्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही पहिल्या आठवड्यापासून वापरतात.

या औषधाचे काम कापूस पिकवणाऱ्या माणसाला समजायला अवघड नाही. एका पेशीच्या दोन होताना आत सुतासारखे बारीक धागे तयार होतात आणि ते पेशीतला वंशाचा ठेवा दोन्ही बाजूंना सारखा ओढून घेतात. व्हिन्क्रिस्टिन हे सूत कातूच देत नाही. पेशी अर्धवट अडकते आणि मरते. जी पेशी वरचेवर विभागते ती आधी सापडते. पण लांबच्या लांब नसांनाही अशाच धाग्यांची गरज असते. म्हणून या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, पाऊल लुळे पडते, शौचास साफ होत नाही. डॉक्टर हे जाणून असतात आणि मात्रा त्या हिशेबाने ठरवतात.

अर्कांची परीक्षा कशी होते ते पाहू. प्रथम झाड ओळखावे लागते. हे वाटते तितके सोपे नाही. एकाच झाडाला बेल्यात एक नाव, उटनूरला गोंडीत दुसरे, बाजारात तिसरे. म्हणून फांदी फुलासकट दाबून, वाळवून, नाव, गाव व तारीख लिहून जपून ठेवतात, म्हणजे उद्या कोणी विचारले तर तेच झाड दाखवता येते. मग पाला किंवा साल सावलीत वाळवायची, भुकटी करायची आणि मद्यार्कासारख्या द्रवात भिजत घालायची. गाळून, द्रव उडवून टाकला की तळाशी काकवीसारखा गडद चिकट अर्क उरतो. त्यात शेकडो द्रव्ये एकत्र असतात.

दुसरीकडे कर्करोगाच्या पेशी पाळलेल्या असतात. पाळलेल्या हाच शब्द योग्य आहे, कारण त्यांची निगा दुभत्या जनावरापेक्षा अधिक राखावी लागते. ३७ अंशांची ऊब, गुलाबी रंगाचे पोषक पाणी, दर दोन-तीन दिवसांनी नवा चारा, आणि बाहेरचा एक जंतूही आत शिरता कामा नये. या पेशी कधीकाळच्या रोग्यांच्या असतात. के-५६२ नावाच्या पेशी ५३ वर्षांच्या एका स्त्रीच्या. एचएल-६० या ३६ वर्षांच्या दुसऱ्या एका स्त्रीच्या. दोघींना रक्ताचा कर्करोग होता. त्यांच्या पेशी मात्र १९७० च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. आपल्या देशात पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा पेशी सांभाळते आणि महाविद्यालयांना पुरवते. त्या दोन स्त्रियांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. आमच्या मते त्यांची आठवण कोणीतरी ठेवायला हवी.

रक्ताच्या कर्करोगाच्या पेशीच तपासणीला इतक्या का वापरतात? कारण त्या द्रवात सुट्या तरंगतात, लवकर वाढतात आणि मोजायला सोप्या. लहान लहान खळगे असलेल्या ताटलीत प्रत्येक खळग्यात ठराविक पेशी सोडतात आणि अर्क कमी-अधिक प्रमाणात घालतात. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची जी कर्करोग संशोधन संस्था आहे, तेथे बाहेरच्या संशोधकांचे नमुने तपासून देतात. तेथील पद्धतीत एका मिलीलिटरला १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम अशा चार पायऱ्या असतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शेजारी काही खळगे नुसत्या द्रवाचे आणि काही एखाद्या जाणत्या औषधाचे ठेवतात. शेतात आपण खत न घातलेला एक तुकडा तुलनेला ठेवतो तसे. दोन दिवसांनी एक पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करते, मेलेली करीत नाही. रंग किती चढला ते यंत्राने मोजले की किती पेशी वाचल्या ते कळते. निम्म्या पेशी मारायला अर्क जितका थोडा लागेल तितका तो जोरदार. कच्च्या अर्काला मिलीलिटरला २०-३० मायक्रोग्रॅमच्या वर लागत असेल, तर सहसा त्याच्या वाटेला पुढे कोणी जात नाही.

वर्तमानपत्रात ‘अमुक झाडाने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ असे छापून येते, ते बहुतेक वेळा या ताटलीविषयी असते. बातमी खोटी नसते. पण ताटलीत पेशी मारणे हे काही मोठे काम नाही. फिनेल घातले तरी त्या मरतील, कपड्याच्या सोड्यानेही मरतील. तणनाशकाच्या बाबतीत शेतकरी काय विचारतो? तण मेले का, एवढेच तो विचारीत नाही. सोयाबीन उभे राहिले का, ते विचारतो. म्हणून त्याच अर्काची परीक्षा निरोगी माणसाच्या रक्तपेशींवरही करावी लागते. तेथे बहुतेक अर्क नापास होतात.

ताटली येण्याआधी ही परीक्षा उंदरांवर होत असे, आणि तिचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. एल-१२१० या उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या एक लाख पेशी टोचल्या की उंदीर आठ-दहा दिवसांत मरतो. अर्क दिलेले उंदीर न दिलेल्यांपेक्षा निदान सव्वापट जगले, म्हणजे आठाच्या जागी दहा दिवस, तर तो अर्क पुढच्या परीक्षेला घेत. दोन दिवसांच्या जास्तीच्या आयुष्यावर सगळी निवड! अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात जगभरातून सुमारे ३५,००० वनस्पती-नमुने गोळा करून त्यांचे १ लाख १४ हजार अर्क तपासले. त्या साऱ्या धांडोळ्यातून जी दोन मोठी नावे निघाली त्या दोन्हींच्या मागे आपला एक मराठी मुलखातला माणूस आहे.

त्यांचे नाव मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, १९२५ सालचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले, आणि १९६२ पासून नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वॉल यांनी त्याआधी सरकारी शेती खात्यात असताना सुमारे हजार झाडांचे अर्क कर्करोग संस्थेकडे तपासायला पाठवले होते. त्यांत चीनमधल्या एका झाडाचा अर्क असामान्य निघाला. त्या झाडाच्या वीसेक किलो वाळलेल्या लाकूड-सालीतून वॉल व वाणी यांनी नेमके गुणकारी द्रव्य शोधायला घेतले. रीत अशी की अर्काचे दोन-चार भाग करायचे, प्रत्येक भाग कर्करोगी उंदरांना टोचायचा, ज्या भागाने उंदीर अधिक जगले तो ठेवायचा आणि पुन्हा त्याचे भाग पाडायचे. प्रत्येक पायरीला निकालाची वाट पाहत बसायचे. गव्हातून खडे निवडण्यासारखे हे काम आहे, फरक इतकाच की येथे खडा हवा असतो आणि गहू टाकायचा असतो.

१९६६ मध्ये ते द्रव्य हाती आले. त्याला कॅम्प्टोथेसिन नाव मिळाले, आणि शोधनिबंधाच्या मथळ्यातच ते रक्ताचा कर्करोग रोखते असे लिहिले होते. १९७१ मध्ये याच दोघांनी अमेरिकेतील यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल काढले. १२ किलो साल-लाकडातून अर्धा ग्रॅम! त्याच्याही मथळ्यात रक्ताचा कर्करोग होता. वाणी पुष्कळ जगले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. नंदुरबारला त्यांचे नाव किती जणांना माहीत असेल, अशी शंका येते.

आता पुढे काय झाले ते पाहा, कारण ताटलीतला विजय आणि खाटेवरचा विजय यांतले अंतर येथे दिसते. कॅम्प्टोथेसिन १९७० च्या सुमारास माणसांना देऊन पाहिले. रोग्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, जुलाब आवरेनात. १९७२ मध्ये प्रयोग थांबवावे लागले. उंदराला वाचवणारे द्रव्य माणसाला सोसले नाही. ते तसेच पडून राहिले. १९८५ मध्ये त्याचे काम कसे चालते ते कळले. विहिरीचा दोर उलगडताना पुढे पीळ साचतो, तसा पेशीतल्या वंशसूत्राला साचतो. तो सोडवायला पेशी सूत्र एका जागी कापते आणि पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन कापू देते, पण सांधू देत नाही. हे समजल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या घडणीत फेरफार करून सोसवतील अशी दोन औषधे बनवली, आणि १९९६ मध्ये ती मंजूर झाली. शोधापासून ३० वर्षांनी! आणि ती मुख्यतः रक्ताच्या कर्करोगावर नाहीत. बीजांडकोशाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर आहेत. टॅक्सॉलचेही तेच. १९९२ मध्ये मंजूर झाले ते बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी. रक्ताच्या पेशींनी वाट दाखवली, माणसे भलत्याच गावाला पोचली.

याच कथेचा एक फाटा सह्याद्रीत जातो आणि तो शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना कॅम्प्टोथेसिन आपल्या एका झाडात सापडले. कोकण-घाटमाथ्यावर त्याला नरक्या म्हणतात. फुलांना घाण वास येतो म्हणून हे नाव. चिनी झाडापेक्षा यात द्रव्य कितीतरी पट अधिक. पुढे औषधाची मागणी वाढली तशी नरक्यावर कुऱ्हाड आली. साल आणि लाकूड पोत्यांनी बाहेर गेले, झाडे मुळासकट गेली, आणि एकेकाळी सहज दिसणारा नरक्या आज धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. तोडणाऱ्याला किलोमागे जे मिळाले ते किरकोळ होते. आपल्या जंगलात उद्या कोणी व्यापारी एखाद्या सालीची मोठ्या प्रमाणात मागणी घेऊन आला, तर ग्रामसभेला विचारल्यावाचून एकही झाड सोलू देऊ नये, असे आम्हाला वाटते.

सदाफुलीची शेती करावी का, असेही काही जण विचारतात. तामिळनाडूच्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत कोरडवाहू जमिनीत ती घेतात; पाने आणि मुळे दोन्ही विकली जातात. पीक काटक आहे, यात वाद नाही. पण खरेदीदार मोजके आहेत. आधी लेखी करार, मग बी. नुसत्या तोंडी आश्वासनावर कापसाचा एकर मोडू नये.

आपल्या ओळखीच्या इतर झाडांचेही असेच आहे. निजामाबाद-निर्मळची हळद घ्या. तिच्यातल्या पिवळ्या द्रव्याने ताटलीत रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवले आहे. पण माणसांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध द्रव्य खाऊ घातले, तरी रक्तात ते अगदी थोडे उतरते. बाकीचे आतड्यातून तसेच निघून जाते किंवा यकृत त्याची विल्हेवाट लावते. ८ ग्रॅम द्रव्य म्हणजे जवळजवळ २०० ग्रॅम हळदपूड. एवढी हळद कोण खाणार, आणि खाऊन उपयोग काय? आमटीत हळद घालावी, ती चांगलीच आहे. तिच्या भरवशावर उपचार टाळू नये. बिब्ब्याचे तसेच. आपल्या रानातला हा बिब्बा, ज्याच्या चिकाने परीट कपड्यांवर खुणा करीत. त्याची फळे दुधात शिजवून केलेला सिद्ध वैद्यकातला अर्क मद्रास विद्यापीठातील संशोधकांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांवर तपासला आणि २००८ मध्ये चांगले परिणाम नोंदवले. पण बिब्बा कातडीला लागला तर काय होते ते आपल्याला सांगायला नको. शोधन न केलेला बिब्बा पोटात गेला तर मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. सदाफुलीच्या ५०० किलो वाळलेल्या पानांतून व्हिनब्लास्टिन एक ग्रॅमच्या आसपास मिळते. व्हिन्क्रिस्टिन त्याहूनही कमी. मुलाला व्हिन्क्रिस्टिनची एका वेळची मात्रा दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, आणि ती फक्त शिरेतून देतात. चुकून तेच औषध कण्यातल्या पाण्यात गेले तर रोगी दगावतो, म्हणून रुग्णालयात त्याची सुई वेगळी ठेवण्याचे कडक नियम आहेत. आता वाटीभर रसाचा विचार करा. त्यात शंभरावर निरनिराळी क्षारद्रव्ये आहेत. काही रक्तदाब उतरवतात, काही पांढऱ्या पेशी मारतात. कामाचे द्रव्य त्यात किती, आतड्यातून शिरले किती, हे रस देणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. रोग मारण्याइतके ते नसेल, पण ज्याच्या चांगल्या पांढऱ्या पेशी आधीच संपत आल्या आहेत त्याला घायाळ करण्याइतके असू शकेल. नोबलांचे उंदीर कशाने मेले ते वर सांगितलेच आहे. मधुमेहासाठी रोज पाने चघळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. वैदूंना आम्ही नावे ठेवीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या झाडांकडे पाहणाऱ्या माणसांमुळेच ती २५ पाने लिफाफ्यात गेली. पण त्या पानांचे औषध झाले ते माप सापडल्यावर.

आणि उपचार आहे, हेच सांगायचे आहे. १९४७ पर्यंत रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जात असे. मग बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध मुलांना दिले आणि पहिल्यांदाच रोग काही काळ मागे हटलेला दिसला. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेने बनवून दिले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या तेलुगू मुलखातले, भीमवरमचे. त्यानंतर एकेक औषध जोडत गेले, त्यांतच सदाफुलीचे आले. आज प्रगत देशांत मुलांमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून दहापैकी नऊ मुले बरी होतात. आपल्या देशातही चांगल्या केंद्रांत दहांतली सहा-सात वाचतात. उरलेल्यांत काही अशी असतात की औषध हरले नाही, उपचार अर्धवट सुटला. महिनाभरात मूल तरतरीत होते, रक्त स्वच्छ दिसते, आणि बाप म्हणतो, बरे झाले, आता पेरणी आली, घरी जाऊ. पहिल्या निंदणीनंतर शेतही असेच स्वच्छ दिसते. खाली हराळीच्या काड्या राहिलेल्या असतात. म्हणून हा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो, आणि शेवटचा महिनाही पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो.

दोन आठवड्यांवर न हटणारा ताप, पांढरे पडलेले ओठ, मार न लागता उठणारे निळे डाग, हिरड्यांतून रक्त, रात्री हाडे दुखून रडणारे मूल, मानेत किंवा काखेत गाठी: असे दिसले तर प्रथम रक्ताची साधी तपासणी करावी. आपल्याकडे हिवतापही आहे आणि सिकलसेलही आहे. त्यांतही मूल पांढरे पडते, हाडे दुखतात. म्हणून घरच्या घरी तर्क करू नये. ही तपासणी आदिलाबादलाच होते. संशय आला तर पुढे हैदराबादचे सरकारी मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, मुंबईचे टाटा आहे. तेलंगणात आरोग्यश्री योजनेत आणि महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेत पात्र कुटुंबांना कर्करोगाचा उपचार मिळतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर असावे. सदाफुलीपासूनचे व्हिन्क्रिस्टिन महागड्या औषधांत मोडत नाही. खर्च होतो तो जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा. त्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी बोलावे, धर्मशाळेची सोय बहुधा तेथूनच होते.

आणि घरी आधी काही झाडपाला दिला असेल तर तो लपवू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने पुष्कळ जण गप्प राहतात, आणि मग रक्तातल्या पेशी कशाने उतरल्या हे कळत नाही. काय दिले, किती दिवस दिले, ते सांगावे. नाव ठाऊक नसेल तर त्या झाडाची फुलापानांसकट एक फांदी कागदात गुंडाळून सोबत न्यावी.